किलोमागे सव्वा तोळा

१२ ऑक्टोबर १९२९ रोजी वॉर्सामध्ये एका करारावर सह्या झाल्या. विमान कंपनीच्या हवाली केलेलं सामान मोडलं, फाटलं किंवा हरवलं, तर प्रवाशाला जास्तीत जास्त किती भरून द्यायचं याचा आंतरराष्ट्रीय आकडा त्यात ठरला: किलोमागे २५० फ्रँक. हा फ्रँक खिशातल्या नोटेचा नव्हता. ६५.५ मिलिग्रॅम वजनाचं, हजारात नऊशे कसाचं सोनं म्हणजे एक फ्रँक, अशी व्याख्या करारातच लिहून ठेवली होती. हिशेब मांडला तर २५० फ्रँकचं १४.७४ ग्रॅम शुद्ध सोनं होतं. आपल्या जुन्या सराफी मापात सांगायचं तर सव्वा तोळा, वर गुंजभर.

विमानतळाच्या पट्ट्यावरून खोका उतरवावा, उघडावा आणि सायकलीचा फोर्क चिरलेला दिसावा, हा प्रसंग दूरदेशी सायकल चालवायला जाणाऱ्या बहुतेकांच्या ओळखीत कुणावर तरी आलेला असतो. मग काउंटरवर जी हुज्जत सुरू होते तिचं मूळ या सव्वा तोळ्यात आहे. आज तो जुना तोळाही गेला आणि तो फ्रँकही गेला. पण सामानाची किंमत त्याच्या वजनावरून ठरवण्याची ती कल्पना सत्तर वर्षं टिकली, आणि जिला वजन नसणं हाच मोठा गुण मानतात अशा एका वस्तूवर तिनं सत्तर वर्षं अन्याय केला.

ही गोष्ट विमानाच्या खूप आधी सुरू होते.

दुसऱ्याचा माल सांभाळून नेणाऱ्यावर किती भार टाकायचा, हा प्रश्न रोमन लोकांनी सोडवून ठेवला होता. जहाजवाले, सरायवाले आणि तबेलेवाले यांनी जे ताब्यात घेतलं ते जसंच्या तसं परत केलं पाहिजे, नाही केलं तर भरून दिलं पाहिजे. तुफान किंवा चाच्यांचा हल्ला अशी आवाक्याबाहेरची आपत्ती असेल तेवढीच सूट. कारण सरळ होतं. वाटेत माल कुणाच्या नजरेसमोर असतो? फक्त नेणाऱ्याच्या. मालकानं चोरी किंवा हयगय सिद्ध करायची म्हटली तर पुरावा आणायचा कुठून? इंग्लंडमध्ये १७०३ साली न्यायमूर्ती होल्ट यांनी हेच तत्त्व पुन्हा मांडलं: ईश्वरी कोप आणि राजाचे शत्रू, एवढे दोन अपवाद सोडले तर भाड्यानं माल नेणारा प्रत्येक नुकसानीला जबाबदार. १७८५ मध्ये एका गाडीवानाकडचा हॉप्सचा माल आगीत जळाला. आग त्याच्या चुकीनं लागली नव्हती, हे सगळ्यांना मान्य होतं. तरी लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी त्याला पैसे भरायला लावले. माल नेणारा हा एका अर्थानं मालाचा विमाच उतरवून देतो, असं ते म्हणाले.

मराठी मुलखातही हा व्यवहार अनोळखी नव्हता. जकातीसकट सगळा खर्च एका रकमेत धरून माल ठिकाणी पोचवण्याचा मक्ता म्हणजे हुंडाभाडं, आणि तो घेणारा हुंडेकरी. धंदा गेला, आडनाव राहिलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांत ‘जोखमी हुंडी’ चालायची. जहाज मालासकट सुखरूप लागलं तरच तिचे पैसे द्यायचे, बुडालं तर हुंडी घेणाऱ्याचं नशीब. ‘जोखीम’ या शब्दाकडे तर थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. जुन्या बोलण्यात जोखीम म्हणजे धोका, आणि जोखीम म्हणजेच सांभाळायला दिलेली रोकड, दागिने, मोलाची चीज. ‘अंगावर जोखीम घेऊन प्रवास करू नये’ असं घरची म्हातारी माणसं सांगत, तेव्हा ती दोन्ही अर्थ एकदमच सांगत असत. वस्तू आणि तिची धास्ती यांना भाषेनं वेगळं केलंच नव्हतं.

कायद्यानं मात्र ती वेगळी केली. होल्ट आणि मॅन्सफिल्ड यांच्या नियमाखाली इंग्लंडच्या गाडीवाल्यांची तक्रार होती, आणि ती खोटीही नव्हती: चार आण्यांचं भाडं घेऊन नेलेल्या बोचक्यात हिरे निघाले तर आम्ही देशोधडीला लागायचं का? १८३० सालच्या कायद्यानं त्यांना दिलासा दिला. ठरावीक मौल्यवान वस्तू दहा पौंडांपेक्षा जास्त किमतीच्या असतील तर ते आधी सांगा, जादा भाडं भरा; नाहीतर भरपाई मागू नका. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १८६५ चा कॅरिअर्स ॲक्ट आला आणि आपल्याकडची मर्यादा शंभर रुपये ठरली. हा कायदा २००७ सालच्या रस्ता-वाहतूक कायद्यानं रद्द होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ दीड शतक, आपल्या ट्रकवाल्यांना लागू होता.

सायकल या गोष्टीत शिरली ती रेल्वेच्या डब्यातून. १८८५ च्या सुमारास दोन्ही चाकं सारखी असलेली ‘सेफ्टी’ सायकल आली, १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला, आणि पुढच्या दहा वर्षांत इंग्लंडमधला मध्यमवर्ग रविवारी सायकल घेऊन गावाबाहेर पडायला लागला. गावाबाहेर जायचं ते आगगाडीनं. मग प्रश्न उभा राहिला: प्रवाशाला ठरावीक वजनाचं सामान फुकट नेण्याचा हक्क आहे, त्या सामानात सायकल येते का? १८७१ मध्ये एका जुन्या खटल्यात ‘प्रवासी स्वतःच्या वापरासाठी आणि सोयीसाठी बरोबर नेतो ते सामान’ अशी ऐसपैस व्याख्या झाली होती. तिच्यात सायकल बसायला हरकत नव्हती. पण १८९९ मध्ये ब्रिटन विरुद्ध ग्रेट नॉर्दर्न रेल्वे या खटल्यात न्यायालयानं सांगितलं की सायकल हे साधारण प्रवासी सामान नव्हे. फुकट नेण्याचा हक्क गेला. तिचं वेगळं भाडं, वेगळी पावती, वेगळ्या अटी. आज विमानाच्या तिकिटावर ‘क्रीडासाहित्य’ असा जो वेगळा रकाना दिसतो त्याची सुरुवात इथे झाली, असं म्हणायला जागा आहे.

आपल्याकडच्या पार्सल ऑफिसात ज्यांनी सायकल किंवा मोटारसायकल बुक केली आहे, त्यांना हा प्रकार सांगायला नको. गोणपाट गुंडाळायचा, सुतळीनं आवळायचा, पुठ्ठ्यावर गावाचं नाव ठळक लिहून बांधायचं. भाड्याचे दर दोन: ‘रेल्वे रिस्क’ आणि ‘ओनर्स रिस्क’. कमी पैसे भरले की जोखीम मालकाची, जास्त भरले की रेल्वेची. कुठल्या दरानं पाठवायचं ते निदान पैसे देतानाच कळत होतं. विमान प्रवासात हा उघडपणा हळूहळू पुसट होत गेला.

विमानाचा जन्म सायकलीच्या दुकानात झाला, हे इथे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ऑर्व्हिल आणि विल्बर राइट यांचं डेटनमधलं दुकान १८९२ पासून सायकली दुरुस्त करत होतं आणि पुढे स्वतःच्या बनावटीच्या सायकली विकत होतं. १९०१ मध्ये हवेचा दाब मोजायला त्यांच्याकडे यंत्र नव्हतं, तेव्हा त्यांनी आपल्याच एका सायकलीच्या हँडलसमोर तिसरं चाक आडवं बसवलं, त्याच्यावर पत्र्याचे पृष्ठभाग लावले आणि ती सायकल जोरात पिटाळत निरीक्षणं घेतली. १७ डिसेंबर १९०३ ला जे यंत्र उडालं त्याचे पंखे साखळी आणि दातेरी चकत्यांवर फिरत होते. सायकलीच्या कारागिरांनी बनवलेल्या यंत्रात सायकलीलाच अवघडलेली पाहुणी व्हावं लागलं, याचं वाईट वाटतं.

पुढच्या सोळा वर्षांत विमान धंद्याला लागलं. २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडन–पॅरिस अशी रोजची प्रवासी सेवा सुरू झाली. देशागणिक कायदे वेगळे, प्रत्येक कंपनी तिकिटामागे आपल्याला हव्या त्या अटी छापत होती, आणि एकाच प्रवासात विमान तीन-चार सीमा ओलांडत होतं. १९२५ मध्ये पॅरिसला परिषद भरली, तिथून कायदेतज्ज्ञांची एक समिती निघाली, आणि तिच्या मसुद्यावर वॉर्साचा करार उभा राहिला.

तो एक सौदा होता आणि सौदा म्हणूनच तो समजून घ्यायला हवा. प्रवाशाच्या बाजूला असं पडलं की सामान कंपनीच्या ताब्यात असताना बिघडलं तर चूक कंपनीचीच धरायची. आम्ही सगळी खबरदारी घेतली होती हे तिनं सिद्ध करावं. रोमन तबेलेवाल्याच्या नियमाचाच हा पातळ केलेला अवतार. बदल्यात कंपनीला मिळाली मर्यादा. विमानं पडत होती, कंपन्या लहान होत्या, एका अपघातात धंदा बुडेल अशी स्थिती होती; मर्यादेशिवाय कुणी भांडवल घातलं नसतं. हे सगळं पटण्यासारखं आहे. खटकतं ते माप. माणसासाठी १,२५,००० फ्रँक अशी डोक्यामागे रक्कम ठरली, हातातल्या पिशवीसाठी ५,००० फ्रँक अशी सरसकट ठरली, आणि हवाली केलेल्या सामानाला मात्र मालासारखा तराजू लावला. वीस किलोची पेटी म्हणजे पंचवीस तोळे. आठ किलोची सायकल म्हणजे दहा तोळे, मग ती कुणी, किती महिने खपून बनवली असेना का.

करारात आणखी एक बारीक अट होती. सामानाची पावती दिलीच नाही, तर कंपनीला मर्यादेचा आधार घेता येणार नाही. तिकिटाच्या पाठीमागे भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत जी पानंच्या पानं छापली जात, त्याचं एक मोठं कारण हे. वाचकानं वाचावं म्हणून नव्हे, दिल्याची नोंद राहावी म्हणून ती छापली जात.

हिंदुस्थानात हा करार आला १९३४ च्या ‘इंडियन कॅरेज बाय एअर ॲक्ट’नं. जे.आर.डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाची थैली घेऊन जुहूला उतरले त्याला, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जेमतेम दीड-दोन वर्षं झाली होती. देशात विमानानं जाणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. कायदा मात्र तयार होता, सोन्याच्या भाषेत.

तक्रार करायला वॉर्सानं तीन दिवस दिले होते. १९५५ च्या हेग दुरुस्तीनं सात दिवस केले. हे सात दिवस किती निष्ठुर असू शकतात ते इंग्लंडमध्ये दिसलं. १९७५ च्या मार्चमध्ये एक प्रवासी इटलीहून ल्यूटनला उतरला. सूटकेस फाटली होती. त्यानं तिथल्या तिथे ‘प्रॉपर्टी इररेग्युलॅरिटी रिपोर्ट’ भरला. हा कागद आजही त्याच नावानं भरून घेतात. घरी गेल्यावर कळलं की आतल्या काही वस्तू गायब आहेत, किंमत साडेसोळा पौंड. कंपनी म्हणाली, फाटल्याची तक्रार वेळेत आली, वस्तू गेल्याची आली नाही. प्रवासी म्हणाला, करारात ‘नुकसान’ झालं तर सात दिवस आहेत, ‘गहाळ’ झालं तर ती मुदत कुठे लिहिली आहे? प्रश्न साडेसोळा पौंडांचा, पण उत्तर अशा प्रत्येक तक्रारीला लागू होणार म्हणून खटला चढत चढत हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. न्यायमूर्तींनी फ्रेंच मूळ मसुदा उघडला, शब्दकोश उघडले, करार लिहिणाऱ्यांच्या चर्चेची टिपणं वाचली. १९८० मध्ये फदरगिल विरुद्ध मोनार्क एअरलाइन्स या निकालात ठरलं की पेटीतली एखादी वस्तू जाणं हेही पेटीचं ‘नुकसान’च, सात दिवसांत सांगायला हवं होतं. प्रवासी हरला. सायकलवाल्याला यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे: खोका फाटल्याची तक्रार म्हणजे आतलं पेडल हरवल्याची तक्रार नव्हे.

तोवर सोन्याचा हिशेबच कोसळला होता. औंसाला ३५ डॉलर हा सरकारी भाव असेपर्यंत किलोमागचे २५० फ्रँक म्हणजे साडेसोळा डॉलर होत. १९७१ मध्ये अमेरिकेनं डॉलर–सोन्याची गाठ सोडली, १९७८ पासून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या लेखी सोन्याला अधिकृत भावच उरला नाही. जानेवारी १९८० मध्ये बाजारात सोनं औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढलं. त्या भावानं सव्वा तोळा म्हणजे चारशे डॉलर. कंपन्या मात्र शेवटच्या, थोड्या वाढलेल्या सरकारी भावानं काढलेल्या वीस डॉलरवर अडून बसल्या. हा तंटा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७९ मध्ये फिलाडेल्फियाहून लंडनला पाठवलेली ७१४ पौंड वजनाची नाण्यांची चार पार्सलं हरवली होती; मालकाचा दावा अडीच लाख डॉलरचा. १९८४ मध्ये न्यायालयानं पौंडाला ९ डॉलर ७ सेंट हाच दर कायम ठेवला आणि मालकाच्या पदरी पडले ६,४७५ डॉलर ९८ सेंट.

आता सायकल या तराजूत ठेवून पाहू.

पोलादी नळ्यांची रेसिंग सायकल साधारण दहा किलोची असायची. किलोला वीस डॉलर धरले तर दोनशे डॉलर. मग ॲल्युमिनियम आलं, टायटेनियम आलं, कार्बन फायबर आला. प्रत्येक पायरीवर वजन उतरलं आणि किंमत चढली. शर्यतीच्या सायकली इतक्या हलक्या व्हायला लागल्या की २००० साली सायकलिंगच्या जागतिक संघटनेला किमान वजनाची अट घालावी लागली: ६.८ किलो. वॉर्साच्या दरानं या ६.८ किलोची भरपाई १३६ डॉलर. जगातल्या सगळ्यात कसबी कारागिरांनी, सगळ्यात महाग धातू आणि धागे वापरून, ग्रॅमाग्रॅमानं कमावलेला हलकेपणा कायद्याच्या पारड्यात प्रत्येक वेळी तोटाच ठरत गेला. जाड पुठ्ठ्याचा खोका वापरला तर वजन वाढून भरपाईची मर्यादा वाढत होती. म्हणजे फ्रेमपेक्षा खोक्यालाच जास्त किंमत येण्याची वेळ आली होती.

सायकल बनवणाऱ्यांनी कायद्याची वाट पाहिली नाही. विमान कंपन्या लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज ६२ इंच, म्हणजे १५८ सेंटिमीटर, असेल तर पेटीला साधं सामान मानतात. मग पूर्ण आकाराची सायकल त्या ६२ इंचांत कशी बसवायची? अमेरिकेत ओरेगनमधल्या यूजीन गावी दोन शोल्झ भावांनी १९९२ मध्ये ‘बाइक फ्रायडे’ सुरू केली: लहान चाकांची, घडी घालून सूटकेसमध्ये मावणारी सायकल. उतरल्यावर तीच सूटकेस दोन चाकं लावून मागे ट्रेलर म्हणून ओढायची. कॅलिफोर्नियातल्या एस अँड एस या छोट्या कारखान्यानं वेगळा मार्ग काढला. फ्रेमच्या नळ्याच मधोमध कापायच्या आणि तिथे दातेरी कडा असलेली, चावीनं आवळायची पोलादी जोडणी बसवायची. फ्रेमचे दोन तुकडे २६ इंची चौकोनी पेटीत बसतात, पेटीची जाडी १० इंच. बेरीज बरोबर ६२. भरपाईच्या वाटेला जायचंच नाही, सायकलच सूटकेसच्या रूपात न्यायची, असं हे उत्तर होतं. त्यातली हुशारी मान्य करूनही एक बोचरी बाब उरते, की कायद्यातल्या उणिवेपायी लोकांनी आपल्या चांगल्या फ्रेमी करवतीखाली घातल्या.

वजनाचा तराजू बाजूला झाला तो २८ मे १९९९ रोजी, माँट्रियलच्या करारात. तो अमलात आला ४ नोव्हेंबर २००३ ला आणि भारतासाठी ३० जून २००९ ला. त्यासाठी १९३४ च्या कायद्याची जागा घेतलेल्या आपल्या १९७२ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. माँट्रियलनं मर्यादा किलोमागे न धरता माणशी धरली: १,००० एसडीआर. एसडीआर हे नाणेनिधीचं हिशेबापुरतं चलन; डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड यांच्या मिश्रणातून त्याचा भाव रोज निघतो. दर पाच वर्षांनी महागाई पाहून आकडा वाढवण्याची सोयही करारातच आहे. २००९ अखेर तो १,१३१ झाला, २०१९ अखेर १,२८८, आणि २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९. रुपयांत पावणेदोन लाखांच्या आसपास. एका ओळीच्या या बदलानं सायकलीची सत्तर वर्षांची शिक्षा संपली. सात किलोची सायकल आणि तीस किलोची पेटी आता एका मर्यादेत आहेत.

मर्यादा म्हणजे मिळणारी रक्कम, असा मात्र समज नको. युरोपीय न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं की हा वरचा आकडा आहे. नुकसान किती झालं ते प्रवाशानं दाखवायचं, बिलं आणायची, दुकानदाराचं अंदाजपत्रक आणायचं. त्याच न्यायालयानं २०१० मध्ये सांगून ठेवलं होतं की मनस्तापसुद्धा त्याच आकड्यात धरायचा. शर्यत हुकली, वर्षभराचा सराव वाया गेला, त्याचा वेगळा हिशेब नाही. ज्यांची सायकल या आकड्यापेक्षा महाग आहे त्यांच्यासाठी वॉर्सापासून एक दार उघडं आहे: सामान हवाली करतानाच त्याची किंमत लेखी जाहीर करायची आणि मागतील तो जादा आकार भरायचा. १८३० च्या गाडीवाल्यांच्या कायद्यातली हीच ती तजवीज. चेक-इनच्या रांगेत हे फार थोड्यांना आठवतं, आणि काउंटरवरून कुणी आपणहून सुचवत नाही.

त्याच काउंटरवर ‘ओनर्स रिस्क’ मात्र मागच्या दारानं परत आलं. सायकलीच्या खोक्याला एक पट्टी बांधतात, तिच्यावर ‘नाजूक’, ‘वेष्टन अपुरं’ अशा खुणा असतात आणि खाली प्रवाशाची सही घेतात. विमान चुकेल या धास्तीनं माणूस सही करतो. नुकसान झालं की तीच सही त्याच्यासमोर धरली जाते. इथे कराराचे शब्द नीट पाहायला हवेत. कंपनीची जबाबदारी कमी होते ती सामानातल्याच मूळच्या दोषामुळे किंवा प्रवाशाच्याच हयगयीमुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरती. आणि करारानं ठरवलेल्या जबाबदारीतून सुटका करून घेणारी कोणतीही अट निरर्थक आहे, असंही त्यातच लिहिलं आहे. २००९ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या परिवहन खात्यानं कंपन्यांना बजावलं की आंतरराष्ट्रीय प्रवासात एखादी वस्तू सामान म्हणून स्वीकारल्यावर तिच्या प्रकाराकडे बोट दाखवून जबाबदारी नाकारता येणार नाही. म्हणजे सहीनं हक्क संपत नाही. वेष्टन खरोखर कच्चं होतं का, हा वाद उरतो, आणि तो सहीवर नव्हे, खोक्याच्या स्थितीवर ठरायला हवा. फोर्कच्या दोन टोकांमध्ये आधाराचा तुकडा घातला होता का? गिअरचा डिरेलर सोडवून आत वळवला होता का? खोका बंद करण्याआधी काढलेला एक फोटो इथे दहा पानांच्या पत्रव्यवहारापेक्षा उपयोगी पडतो.

मुंबईतल्या सहा पारशी तरुणांनी १५ ऑक्टोबर १९२३ ला सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा सुरू केली. १८ मार्च १९२८ ला त्यांतले तिघं, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा, ती पुरी करून परतले. समुद्र त्यांनी बोटीनं ओलांडले. वॉर्साचा करार अजून लिहिलाही गेला नव्हता. २०१८ मध्ये पुण्याची वेदांगी कुलकर्णी पर्थहून निघाली आणि १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून आली. आता खंड ओलांडायचे ते विमानानं, आणि प्रत्येक उड्डाणाआधी सायकल खोलून खोक्यात भरायची. २०१७ मध्ये नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ एकट्यानं पुरी केली. दर चार वर्षांनी १,२०० किलोमीटरच्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिससाठी पुण्या-मुंबईचे, नाशिकचे स्वार निघतात. या सगळ्यांच्या तयारीत खोका हा एक स्वतंत्र अध्याय असतो.

त्यात आपल्या देशाची एक खास अडचण आहे. देशांतर्गत प्रवासासाठी २०१४ च्या अधिसूचनेनं सामानाची मर्यादा माणशी २०,००० रुपये ठेवली. नागपूरहून मुंबई आणि मुंबईहून पॅरिस असा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर कायद्याच्या नजरेत तो पहिल्या धावपट्टीपासून आंतरराष्ट्रीय प्रवास. नागपूर–मुंबईत फ्रेम चेपली तरी १,५१९ एसडीआरची मर्यादा लागू. शंभर-दोनशे रुपये वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली, तर तेच विमान, तोच खोका, तोच लोडर, आणि मर्यादा २०,००० रुपये. कार्बनच्या चाकांच्या एका जोडीलाही ही रक्कम पुरत नाही. देशातल्या विमानांत सायकली आज जितक्या चढतात ते पाहता हा आकडा बदलायला हवा, आणि तो बदलणं सरकारच्या हातात आहे. आंतरराष्ट्रीय आकडा तीनदा वाढला तसा हाही वाढवता येतो.

सात दिवस मात्र १९५५ पासून तसेच आहेत. तक्रार लेखी हवी. २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयानं एवढं सैल केलं की प्रवाशानं तोंडी सांगितलेलं कर्मचाऱ्यानं संगणकात नोंदवलं तरी ते लेखी धरावं. पोलादी फ्रेम वाकली तर डोळ्यांना दिसते. कार्बनचं तसं नाही. आतले थर सुटतात आणि वरचा रंग जसाच्या तसा राहतो. म्हणून परतल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादा स्वार फ्रेम उलटी ठेवतो, खिशातलं रुपयाचं नाणं काढतो आणि नळीवरून इंचाइंचानं ठोकत जातो. वरची नळी खणखणीत वाजते, खालची वाजते, आणि पेडलच्या दांड्यापासून चार बोटं वर आवाज एकदम बद्द होतो. तो तिथे खडूची खूण करतो, फोटो काढतो आणि सामानाच्या पावतीवरची तारीख पाहतो. अजून तीन दिवस हातात आहेत.